जेल शहराचं, गुडघा मालवणचा

मालवणच्या बंदरावर लिलाव आटोपला की सुंगटं सोलायला बसलेल्या बायांच्या पुढ्यात टरफलांचा ढीग चढत जातो. कोळंबीच्या वजनातला ४० ते ५० टक्के भाग डोकं आणि टरफल यांतच जातो. त्यातला थोडा माडाच्या आळ्यात पडतो, बाकीचा कुजतो आणि वास मारतो. या टरफलात कायटिन नावाचं चिवट द्रव्य असतं. कुर्लीच्या कवचातही तेच असतं. त्यावर तापलेल्या तीव्र अल्कलीची प्रक्रिया केली की कायटोसान मिळतं. हे कायटोसान माणसाच्या गुडघ्यातल्या खड्ड्यात भरून गादी पुन्हा उगवेल का, या प्रश्नावर मुंबईच्या एका कंपनीने खरोखरच पैसे लावले होते.

२०१० मध्ये पिरामल हेल्थकेअरने कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातली बायोसिन्टेक ही कंपनी विकत घेतली. तिच्याकडे ‘बीएसटी-कारजेल’ नावाचं एक द्रावण होतं. शल्यविशारद आधी रुग्णाच्या गुडघ्यातला खराब झालेला भाग खरवडून काढतो आणि खालच्या हाडाला बारीक भोकं पाडतो, म्हणजे आतून रक्त आणि मज्जेतल्या पेशी वर येतात. ही पद्धत जुनी आहे. तिच्यातली अडचण अशी की वर आलेली रक्ताची गुठळी आकसते, सुटते, आणि जागा पुन्हा रिकामी राहते. कायटोसानचं द्रावण रुग्णाच्याच ताज्या रक्तात मिसळून त्या खड्ड्यात सोडलं की गुठळी तिथे धरून राहते. कॅनडा, स्पेन आणि दक्षिण कोरिया इथल्या ८० रुग्णांवर त्याची चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. वर्षभरानंतर एमआरआयमध्ये जेल मिळालेल्यांचा खड्डा सुमारे ९३ टक्के भरलेला दिसला, नुसती भोकं पाडलेल्यांचा ८५ टक्के. उगवलेल्या ऊतीचा दर्जाही जेलच्या बाजूने चांगला होता.

दुखणं मात्र दोन्ही गटांचं सारखंच कमी झालं.

हे शेवटचं वाक्य जाहिरातीत येत नाही. इंजेक्शनने देता येणाऱ्या हायड्रोजेलबद्दल आज जे काही उत्साहाने बोललं जातं, त्याच्या शेजारी हे वाक्य ठेवून पाहायला हवं. विज्ञान खोटं आहे असा याचा अर्थ नाही. एमआरआयमधली सुधारणा आणि माणसाला जिना चढता येणं यांच्यात अजून अंतर आहे, एवढाच त्याचा अर्थ आहे. पाच वर्षांनंतरच्या तपासणीतही चित्र साधारण तेच राहिलं: ऊती सरस, दुखण्यातला फरक नगण्य. पुढे हे उत्पादन पिरामलकडून स्मिथ अँड नेफ्यू या ब्रिटिश कंपनीकडे गेलं.

हायड्रोजेल ही तशी घरातली गोष्ट. सब्जाचं बी भिजत घातलं की त्याच्याभोवती जो पारदर्शक बुळबुळीत थर येतो, तो हायड्रोजेलच: लांबलचक रेणूंचं जाळं, जे पाण्यात विरघळत नाही आणि पाणी सोडतही नाही. १९६० मध्ये ओटो विख्टरले आणि द्राहोस्लाव लिम या प्रागच्या दोन रसायनशास्त्रज्ञांनी ‘नेचर’मध्ये लिहिलं की असे पदार्थ शरीरात वापरता येतील. पुढच्या वर्षी नाताळात विख्टरलेंनी मुलांच्या खेळण्यातले लोखंडी भाग आणि सायकलचा डायनामो जोडून घरच्या घरी मऊ कॉन्टॅक्ट लेन्स ओतल्या. पेटंटचे हक्क अमेरिकेला गेले, लेन्स जगभर पोहोचल्या.

गुडघ्यातली गादी, म्हणजे कूर्चा, हीसुद्धा मुळात जेलच आहे. तिच्या वजनात सुमारे तीन चतुर्थांश पाणी असतं. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात, म्हणून ती एकदा फाटली की स्वतःहून भरून येत नाही. कापलेलं बोट भरतं, गादी भरत नाही, याचं कारण हे. तिथे तात्पुरता आधार देणारा आणि पेशींना घर करू देणारा पदार्थ घालावा, हा विचार त्यामुळे अगदी सरळ आहे. अवघड आहे ती करामत. सिरिंजमध्ये तो पदार्थ पातळ हवा, सुईतून सुटला पाहिजे, आणि आत पोहोचल्यावर काही मिनिटांत घट्ट व्हायला हवा. तेही शेजारच्या पेशींना न भाजता आणि विषारी न होता. कायटोसान ग्लिसरोफॉस्फेटच्या क्षारात मिसळलं तर बाहेर पातळ राहतं आणि शरीराच्या ३७ अंशांना घट्ट होतं. कॅनडातल्या संशोधकांनी हे २००० साली दाखवलं होतं. तपकिरी समुद्री शेवाळातून निघणारं अल्जिनेट कॅल्शियम भेटलं की गोठतं. काही जेल दाबाखाली पातळ होतात आणि दाब सरला की पुन्हा जमतात. एवढं साधूनही शेवटची अट उरतेच: नवी ऊती उगवण्याच्या वेगानेच जेल विरायला हवं. ते लवकर विरलं तर पोकळी राहते, उशिरा विरलं तर उगवणाऱ्या ऊतीची वाट अडते.

आता हे सगळं ज्या गुडघ्यासाठी चाललं आहे त्या गुडघ्याकडे वळू.

सिंधुदुर्ग जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये ८ लाख ६८ हजार होती, २०११ मध्ये ती ८ लाख ४९ हजारांवर आली. माणसं वाढण्याऐवजी कमी झालेले जिल्हे देशात थोडेच. दर हजार पुरुषांमागे १,०३६ बाया. तरुण मुंबईला, पुण्याला, गोव्याला. घरी राहिलेली पिढी साठीच्या पुढची, आणि तिच्यात बाया जास्त. या बायांनी आयुष्यभर भाताची लावणी वाकून केली, काजूच्या बिया उकिडवं बसून गोळा केल्या, विळीवर मासे कापले, टोपली डोक्यावर घेऊन चढण चढली. रजोनिवृत्तीनंतर सांध्यांची झीज बायांमध्ये जास्त होते, हे वैद्यकशास्त्र सांगतंच. घरोघरी ‘गुडघे धरलेत’ हे वाक्य ऐकू येतं ते उगाच नाही.

आणि नेमकी हीच बाई वर सांगितलेल्या चाचणीत बसत नाही. त्या चाचणीत १८ ते ५५ वयाचे रुग्ण घेतले होते. त्यांच्या गुडघ्यात एकच, ठरावीक जागी, कडा स्पष्ट असलेला खड्डा होता. अशी इजा फुटबॉल खेळताना होते, दुचाकीवरून पडून होते. साठीच्या बाईचा सगळा सांधा झिजलेला असतो, हाडाला हाड लागत आलेलं असतं, पाय बाहेर वाकलेला असतो. तिथे एक खड्डा भरून काय होणार? गादी उगवणाऱ्या जेलच्या बातम्या वाचून मुंबईतला मुलगा आईसाठी चौकशी करतो तेव्हा हा फरक त्याला क्वचितच कोणी सांगतं. सांगायला हवा, आणि पैसे घेण्याआधी सांगायला हवा.

तिला प्रत्यक्षात मिळतं ते वेगळंच जेल. ‘वंगणाचं इंजेक्शन’ या नावाने तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचलेला हा पदार्थ म्हणजे हायल्युरोनिक आम्ल. १९३४ मध्ये कार्ल मेयर आणि जॉन पामर यांनी ते बैलाच्या डोळ्यातून वेगळं केलं, पुढे कोंबड्याच्या तुऱ्यापासून काढलं जाऊ लागलं, आता बहुधा जिवाणूंकडून बनवून घेतलं जातं. ते निरोगी सांध्यात असतंच, म्हणून बाहेरून घातलं तर बरं वाटेल हा तर्क पटणारा आहे. तर्काची परीक्षाही झाली. २०२२ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने १६९ चाचण्या आणि २१ हजारांहून अधिक रुग्ण एकत्र धरून केलेला आढावा छापला. दुखणं किंचित कमी होतं, पण रुग्णाला जाणवेल इतकं नाही, आणि गंभीर दुष्परिणाम थोडे वाढतात, असा त्याचा निष्कर्ष. अमेरिकेतल्या अस्थिशल्य विशारदांच्या संघटनेनेही हे इंजेक्शन सरसकट देऊ नये असं सांगितलं आहे. तरीही ते विकलं जातं, कारण डॉक्टरकडे द्यायला दुसरं काही नसतं आणि रुग्णाला नुसता व्यायाम सांगितलेला आवडत नाही. मांडीच्या स्नायूंचा व्यायाम आणि वजन कमी करणं यांचा पुरावा या सुईपेक्षा बळकट आहे. फुकट गोष्टीला जाहिरात नसते.

दुसऱ्या टोकाला जिवंत पेशींचे उपचार आहेत, आणि त्यांत महाराष्ट्र मागे नाही. स्वीडनच्या शल्यविशारदांनी १९९४ मध्ये २३ रुग्णांवर जे करून दाखवलं होतं, त्याचाच पुढचा अवतार रीग्रो बायोसायन्सेस ही कंपनी लोणावळ्याच्या प्रयोगशाळेत करते. रुग्णाच्याच गुडघ्यातून कूर्चेचा कण काढायचा, त्यातल्या पेशी काही आठवडे वाढवायच्या, आणि फायब्रिनच्या जेलमधून त्या परत बसवायच्या. ‘कार्टिग्रो’ नावाच्या या उपचाराला देशाच्या औषध नियंत्रकांनी २०१७ मध्ये परवानगी दिली. बेंगळुरूच्या स्टेमप्युटिक्सने दात्यांच्या अस्थिमज्जेतल्या पेशींपासून गुडघ्याच्या झिजेवर औषध केलं, ते मुंबईची अल्केम कंपनी ‘स्टेमवन’ या नावाने २०२२ पासून विकते. त्यात पेशींसोबत सांध्यात हायल्युरोनिक आम्लही सोडतात. हे औषध निदान झिजलेल्या सांध्यासाठी आहे, आणि त्याची चाचणी भारतीय रुग्णांवर झाली आहे, ही जमेची बाजू.

पण या पेशी द्रव नायट्रोजनच्या थंडीत राहतात. त्या रुग्णालयात पोहोचवून, वेळेत वितळवून, सोनोग्राफीच्या मदतीने सांध्यात घालायच्या असतात. १६ मे २०२१ ला तौक्ते वादळ सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा खांब आडवे झाले आणि अनेक गावं कित्येक दिवस अंधारात राहिली. वादळ नसलं तरी जूनच्या पहिल्या पावसात वीज जाते, हे इथे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. जिल्ह्यातल्या चिपी विमानतळावरचं विमान कधी असतं, कधी नसतं. अशा जिल्ह्यात जिवंत पेशींचा उपचार येणार म्हणजे व्यवहारात रुग्णच मुंबईला किंवा पुण्याला जाणार.

म्हणून कोकणच्या दृष्टीने खरी उत्सुकता वाटावी अशी गोष्ट मधली आहे: पेशी नसलेलं, पूड किंवा द्रावण म्हणून साध्या कपाटात राहणारं, जिल्हा रुग्णालयातल्या अस्थिरोगतज्ज्ञाला देता येईल असं जेल. शरीरातल्याच पेशींना ते बोलावून घेईल आणि काम झालं की विरून जाईल. संशोधनाच्या जगात अशा जेलला फारसं वलय नाही. प्रबंधांत चमकतात ती पेशी, वाढीची प्रथिनं आणि सूक्ष्मकण भरलेली जेल. प्रत्येक नव्या घटकाबरोबर किंमत, साठवणूक आणि परवानगी यांची गुंतागुंत वाढते, आणि ते जेल ओरोसपासून, म्हणजे सिंधुदुर्गाच्या जिल्हा मुख्यालयापासून, आणखी एक पाऊल दूर जातं. साधेपणा हा इथे वैज्ञानिक निकष मानायला हवा, सवलत नव्हे.

महाराष्ट्रात या विषयाची परंपरा आहे, हे मात्र फारसं लक्षात ठेवलं जात नाही. सिंधुदुर्गाच्या शेजारच्या गोव्यात, माशेलला जन्मलेले डॉ. रघुनाथ माशेलकर यांचं नाव लोकांना हळदीच्या पेटंटच्या लढ्यामुळे माहीत आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बराच काळ काम केलं ते पॉलिमर आणि जेल यांवर. उष्णता, आम्लता किंवा धातूचे आयन यांना प्रतिसाद देणारी जेल ते बनवत होते. शायनी वर्गीस या तिथल्याच विद्यार्थिनी. आशिष लेले आणि माशेलकर यांच्यासोबत त्यांनी २००६ मध्ये कापल्यावर धातूच्या आयनांमुळे पुन्हा सांधणाऱ्या जेलवर निबंध लिहिला. पुढे कॅलिफोर्नियात त्यांच्या गटाने काही सेकंदांत स्वतःला जोडून घेणारं हायड्रोजेल केलं, ते २०१२ मध्ये जगभर गाजलं. त्याच पुण्याच्या प्रयोगशाळेत अनुया निसळ यांनी रेशमातल्या फायब्रोइन प्रथिनावर काम केलं, त्यातून सेरिजेन मेडिप्रॉडक्ट्स ही कंपनी निघाली. हाडातली पोकळी भरण्यासाठी आणि जखमांसाठी रेशमाचे पदार्थ ती बनवते. मुंबईच्या आयआयटीत समीर माजी यांच्या गटाने मेंदूच्या पेशींना आधार देणारी प्रथिनांची जेल तयार केली, त्यांचे प्रयोग प्राण्यांपर्यंत गेले.

म्हणजे शास्त्रज्ञ पुण्या-मुंबईत आहेत, भांडवल मुंबईत आहे, कच्चा माल किनाऱ्यावर आहे, आणि रुग्ण तर आहेतच. तरीही कायटोसानच्या जेलची चाचणी क्वेबेकपासून सेऊलपर्यंत झाली, मालकी मुंबईकडे आली तरी इथल्या रुग्णांवर झाली नाही. कंपनीचा त्यात दोष काढता येणार नाही. तिला युरोपातली परवानगी हवी होती, ती तिने मिळवली. प्रश्न असा की या चाचणीत एखादं केंद्र महाराष्ट्रात असावं असं वाटायला लावणारी व्यवस्था इथे होती का?

कच्च्या मालाविषयी थोडं सावध बोलावं लागेल. ‘मालवणच्या टरफलातून औषध’ हे वाक्य भाषणाला छान आहे, आणि भाषणं करणारे कमी नाहीत. टरफलापासून कायटोसानपर्यंत जाताना आम्ल लागतं, अल्कली लागते, आणि दोन्ही धुऊन काढायला भरपूर पाणी लागतं. ते सांडपाणी खाडीत सोडलं तर तिसऱ्या आणि कालवं यांचं काय होईल ते मासेमारांना विचारावं. शिवाय कारखान्यातून निघालेलं कायटोसान आणि शरीरात घालायचं कायटोसान यांत मोठी दरी आहे. जिवाणूंच्या आवरणातलं एंडोटॉक्सिन नावाचं विष मालात उरलं तर ताप येतो, सांधा सुजतो. शरीरात बसवायच्या उपकरणांसाठी अमेरिकी नियमांनी त्याची मर्यादा एका उपकरणामागे २० एककं इतकी खाली ठेवली आहे. वाळूवर तासभर पडून राहिलेल्या टरफलात जिवाणू किती वाढतात, याचा हिशेब तिथेच सुरू होतो. बर्फ, वेगळी पिशवी, कोणत्या दिवशी कोणत्या होडीचा माल याची नोंद, या गोष्टी प्रयोगशाळेच्या आधी येतात.

शेवाळाचंही तसंच. अल्जिनेट १८८० च्या दशकात एडवर्ड स्टॅनफर्ड या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाने स्कॉटलंडच्या शेवाळातून काढलं. वैद्यकीय दर्जाचं अल्जिनेट आज प्रामुख्याने नॉर्वेच्या थंड पाण्यातल्या शेवाळातून येतं. भारतात तामिळनाडूच्या रामनाथपुरम भागात बाया सरगॅसम गोळा करून अल्जिनेटच्या कारखान्यांना देतात. सरगॅसम मालवणच्या खडपांवरही भरपूर वाढतं. पण सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, आणि ते शेवाळ माशांच्या पिलांचं लपायचं ठिकाण आहे. अभयारण्यामुळे मासेमारीवर बंधनं येतील म्हणून मासेमारी करणाऱ्या गाबीत समाजाने त्याला विरोध केला, तो वाद अजून पूर्ण शमलेला नाही. त्याच पाण्यातून उद्या औषधासाठी शेवाळ खरवडून न्यायचं, हे कोणत्या तोंडाने सांगणार? करायचीच असेल तर शेती करावी, दोरांवर करावी, आणि अभयारण्याबाहेर करावी. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत शेवाळासाठी ६४० कोटी रुपयांची तरतूद जाहीर झाली होती. त्यातला किती भाग खत आणि खाद्यापलीकडे, वैद्यकीय दर्जाच्या मालाकडे गेला, हे कोकणातल्या लोकप्रतिनिधींनी एकदा विधानसभेत विचारावं.

आइसलँडच्या वायव्य टोकाला ईसाफ्यर्दुर नावाचं मासेमारीचं गाव आहे. वस्ती तीन हजारांच्या आत, म्हणजे मालवण शहराहून कितीतरी लहान. तिथे कॉड माशाची सालटी फेकून दिली जात. केरेसिस नावाच्या कंपनीने ती स्वच्छ करून, पेशी काढून, न भरणाऱ्या जखमांवर लावायला सुरुवात केली. २०१३ मध्ये अमेरिकेची परवानगी मिळाली. २०२३ मध्ये डेन्मार्कच्या कोलोप्लास्टने ही कंपनी १३० कोटी डॉलरपर्यंतच्या किमतीला विकत घेण्याचं जाहीर केलं. हे जेल नव्हे, कातडीच आहे, पण मुद्दा तोच: गावातच प्रक्रिया झाली, दर्जा गावातच सांभाळला गेला, आणि सुरुवात गुडघ्यासारख्या अवघड जागेपासून न होता जखमेपासून झाली.

ही सुरुवात सिंधुदुर्गाला जास्त शोभेल. मधुमेहाने पायाला झालेली, महिनोन्‌महिने न भरणारी जखम कोकणात नवी नाही. अनवाणी शेतात, अनवाणी वाळूत, आणि शेवटी बोट किंवा पाऊल कापायची वेळ. अल्जिनेटच्या पट्ट्या औषधाच्या दुकानात मिळतात, महाग असतात. कायटोसानच्या बाबतीत अहमदाबादच्या ॲक्सिओ बायोसोल्युशन्सने ‘ॲक्सिओस्टॅट’ ही रक्तस्राव थांबवणारी पट्टी करून ती सैन्यापर्यंत पोहोचवली. वेरावळला कायटोसानचे कारखाने आहेत, कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेकडे तंत्र आहे. रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, तिथून मालवण काही तासांवर. जखमेवरच्या पट्टीला शरीराच्या आत जाणाऱ्या जेलइतक्या कडक कसोट्या लागत नाहीत. तिथे हात बसला, माल शुद्ध ठेवायची सवय लागली, की आतल्या जेलकडे जाता येईल. थेट गुडघ्यावर उडी मारणारे बहुतेक प्रकल्प उद्घाटनाच्या फलकापुढे जात नाहीत.

अपयशाचीही जाण ठेवायला हवी, कारण या क्षेत्रात ते सन्मानाने झालेलं आहे. हृदयविकाराचा झटका आल्यावर दोन ते पाच दिवसांत अल्जिनेटचं द्रावण रक्तवाहिनीतून सोडायचं, ते मेलेल्या स्नायूत जाऊन गोठेल आणि हृदय फुगण्यापासून वाचवेल, अशी कल्पना इस्रायलच्या संशोधकांनी मांडली. डुकरांमध्ये फारच चांगलं निघालं. मग ३०३ रुग्णांवर मोठी चाचणी झाली. सहा महिन्यांनी जेल मिळालेले आणि न मिळालेले यांच्यात काहीच फरक नव्हता. हृदयाच्या भिंतीत थेट टोचायच्या दुसऱ्या अल्जिनेटने ७८ रुग्णांच्या चाचणीत आशा दाखवली, पण ते नेहमीच्या वापरात आलं नाही. हे निष्कर्ष दडवले गेले नाहीत, छापले गेले. प्राण्यांवर यशस्वी झालेल्या जेलच्या बातमीने हुरळून जाण्याआधी ही उदाहरणं आठवावीत.

चाचणी कुठे होते याला महत्त्व आहे ते यामुळेच. ओरोसला जिल्हा रुग्णालय आहे आणि २०२१-२२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. तरी मोठं दुखणं आलं की दोडामार्ग, सावंतवाडी, वेंगुर्ल्याचा माणूस बांबोळीला गोवा वैद्यकीय महाविद्यालयात जातो. २०१८ च्या जानेवारीपासून गोव्याने परराज्यातल्या रुग्णांना शुल्क लावलं, तेव्हा दोडामार्गात लोक रस्त्यावर बसले होते. त्या आंदोलनातून पैशाचा प्रश्न थोडाफार सुटला. आपल्याकडेच उपचार का नाही, हा प्रश्न मागे राहिला. नव्या महाविद्यालयाला नाव मिळवायचं असेल तर त्याने मुंबईची नक्कल करू नये. इथे जे रुग्ण आहेत, म्हणजे साठीपुढच्या बाया, वाकलेले गुडघे, न भरणाऱ्या जखमा, त्यांच्यावर नीट आखलेल्या बहुकेंद्री चाचणीचं एक केंद्र व्हावं. त्याला अवाढव्य यंत्रं लागत नाहीत. स्वतंत्र नैतिकता समिती, नोंदी ठेवणारा माणूस, आणि एक-दोन वर्षं रुग्णाला पुन्हा बोलावून तपासण्याची शिस्त लागते. गणपतीला आणि शिमग्याला मुलं गावी येतात, त्या वेळी तपासणीची तारीख ठेवली तर निम्मे रुग्ण मुंबईला मुलाकडे गेले म्हणून हरवणार नाहीत. हे कोणा परदेशी सल्लागाराला सुचणार नाही, ओरोसच्या परिचारिकेला सुचेल. सरकारी पैशावर चालणाऱ्या जेलच्या प्रत्येक संशोधनात महानगराबाहेरचं निदान एक केंद्र असावं, अशी अट राज्याने घालायला हरकत नाही.

किमतीचंही तेव्हाच ठरवावं, मागाहून नव्हे. २०१७ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतींना लगाम घातला, तेव्हा नेहमी वापरला जाणारा सांधा कराशिवाय ५४,७२० रुपयांवर आला. त्याआधी कित्येक वर्षं लोकांनी त्याच्या दुप्पट-तिप्पट मोजले. जेलच्या बाबतीत तोच क्रम पुन्हा घडू नये: आधी लूट, मग लगाम. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत नव्या जेलचा समावेश करायचा तर त्याने शस्त्रक्रिया किती वर्षं पुढे ढकलली गेली आणि माणूस किती चालला, हा आकडा मागावा. एमआरआयचं चित्र मागू नये.

तोपर्यंत मालवणच्या बाजारात, कणकवलीच्या दवाखान्यात किंवा मुंबईच्या चकचकीत केंद्रात कोणी ‘गादी उगवणारं जेल’ सुचवलं तर विचारायच्या गोष्टी साध्या आहेत. हे उत्पादन नियंत्रकांकडे कशासाठी मंजूर आहे? चाचणी कोणत्या वयाच्या, कसल्या गुडघ्यांवर झाली? ही चाचणीच आहे असं उत्तर आलं तर भारतीय क्लिनिकल ट्रायल नोंदवहीत तिचा क्रमांक असलाच पाहिजे. २००९ पासून ते बंधनकारक आहे, आणि नोंदवही इंटरनेटवर कोणालाही पाहता येते. पेशींच्या संशोधनाबाबत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की चाचणीत भाग घेणाऱ्याकडून पैसे घेऊ नयेत. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाई देणं २०१९ च्या नियमांनुसार प्रायोजकावर आहे. म्हणजे ‘नवीन संशोधन आहे, म्हणून दीड लाख’ असं कोणी म्हणत असेल तर ते संशोधनही नाही आणि मंजूर उपचारही नाही. पावती मागितल्यावर तिच्यावर काय लिहून मिळतं ते पाहावं, आणि ती पावती घेऊन आधी ओरोसच्या अस्थिरोग विभागात दाखवावी.